अडत, दलाली आणि चोवीस तासांची कुकी

दिवाळीत वरवट बकालला गेलो तेव्हा धाकट्या चुलतभावानं मला ओट्यावर गाठलं. हातात मोबाइल, त्यावर एक जाहिरात. अफिलिएट मार्केटिंग शिका, घरबसल्या महिना लाखभर कमवा, कोर्सची फी फक्त १७,९९९ रुपये. "दादा, तुले त कळते यातलं. पैसे भरू का नको, येवढंच सांग."

काकूनं कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे डब्यात ठेवले होते, त्यातून ही फी जाणार होती. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुण्यात नोकरी करतो, म्हणून गावात माझ्या 'हो'ला आणि 'नाही'ला उगाच वजन आहे. मी लगेच 'नाही' म्हणालो. त्यावर त्यानं विचारलं, "काहून?" आणि त्या 'काहून'चं उत्तर द्यायला मला दोन रात्री लागल्या. कारण ते उत्तर खामगावच्या कापूस बाजारातून जातं, असं माझ्या लक्षात आलं.

अफिलिएट मार्केटिंग म्हणजे दलाली. हा शब्द मी हिणवायला वापरत नाही. माल एकाचा, पैसा दुसऱ्याचा, तुम्ही मध्ये उभे राहून गाठ घालून द्यायची आणि सौदा झाला तर टक्का घ्यायचा. माल पडून राहिला तर तोटा तुमचा नाही, सौदा फिसकटला तर मेहनत तुमची फुकट. या धंद्याला आपल्याकडे किमान तीन नावं आहेत, दलाली, अडत आणि कमिशन. त्यातलं तिसरंच काय ते इंग्रजी. गंमत म्हणजे आमच्या गावाच्या नावातच एक व्यापारी बसलाय. अरबीतला 'बक्काल' म्हणजे धान्य-किराणा विकणारा. जुन्या मराठीत बकाल म्हणजे वाणीच. पुढे कधीतरी त्या शब्दाचा अर्थ घसरला आणि आता वर्तमानपत्रं 'बकाल शहरं' लिहितात. वाण्याबद्दल आपल्या भाषेचं मत काय होत गेलं, ते एवढ्या एका शब्दात दिसतं.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, तरुणपणी खामगावला एका अडतीवर दिवाणजी होते. वरवटहून बैलगाड्या पूर्णा ओलांडून शेगावला नाहीतर खामगावला जायच्या. गाडी बाजारात लागली की अडत्या शेतकऱ्याच्या वतीनं उभा राहायचा, खरेदीदार कापसात हात घालून धागा ओढून बघायचा, भाव ठरायचा. मग गाडी जिनात जायची आणि खरी गोष्ट तिथे सुरू व्हायची. "वरचा माल वेगळा, खालचा वेगळा" म्हणून जिनात वांधा काढला जायचा आणि ठरलेला भाव खाली यायचा. रिकामी गाडी घेऊन रात्री परतायचं असलेला माणूस भांडणार किती? आबा सांगायचे की अडत्या कोणाचा, हे गाडी बाजारात असताना कळत नाही, जिनात वांधा झाला की कळतं.

खामगाव हे काही साधं गाव नव्हतं. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे वळली. युद्ध १८६५ मध्ये संपलं, भाव कोसळले, पण वऱ्हाड जगाच्या बाजाराला जोडलं गेलं ते गेलंच. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा छोटासा फाटा झाला. जेमतेम तेरा किलोमीटरच्या या फाट्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय येतो तेव्हा त्या रुळांवरून काय जाणार आहे ते समजून घ्यावं. रुळांबरोबर तारही आली. लिव्हरपूलचा भाव मुंबईला आणि मुंबईचा भाव खामगावला कळू लागला. फक्त तो आधी कोणाला कळायचा? अडत्याला, व्यापाऱ्याला, फोलकार्ट आणि रॅली ब्रदर्ससारख्या परदेशी कंपन्यांच्या माणसांना. गाडीवर बसलेल्याला सगळ्यात शेवटी.

मध्यस्थाचं भांडवल हेच. त्याच्याकडे माल नसतो, त्याच्याकडे माहिती असते. ही माहिती झाकून ठेवायच्या तऱ्हाही एकेक होत्या. अनेक बाजारांत हत्ता पद्धत होती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून फक्त रुमाल बघायचा. बोलायची वेळ आलीच तर नंदभाषा होती. दलाल-व्यापाऱ्यांची ही गुप्त बोली. तिच्यात एकाला केवली, दोनाला अवारू, तिनाला उधानू, चाराला पोकू, पाचाला मुळू. चुलतभावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे पासवर्डच की." मी कॉलेजात एन्क्रिप्शन शिकलो तेव्हा मला हे उदाहरण कोणी दिलं नव्हतं. दिलं असतं तर एक विषय कमी राहिला असता.

कच्ची अडत आणि पक्की अडत हा फरकही इथे सांगायला हवा. कच्चा अडत्या फक्त गाठ घालून देतो आणि सौदा बुडाला तर हात झटकतो. पक्का अडत्या सौद्याची जबाबदारी स्वतःवर घेतो, समोरचा पळाला तरी हा पैसे देतो. मुंबई हायकोर्टात १९०५ साली या पक्क्या अडतीचा अर्थ लावणारा खटला झाला आणि त्याचा दाखला अजूनही दिला जातो. हा फरक ध्यानात ठेवा, कारण इंटरनेटवरचे सगळे अफिलिएट कच्चे अडते आहेत. तुमच्या लिंकवरून घेतलेला मिक्सर जळाला तर कंपनी तुम्हाला विचारणार नाही. शेजारीण मात्र विचारेल.

या बाजाराला कायद्याचं वळण लावायची सुरुवात वऱ्हाडातच झाली याचा आम्हाला थोडा अभिमान आहे. १८८६ मध्ये कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. बाजाराची जागा ठरली, समिती आली, दलालांना आणि मापाऱ्यांना परवाने घ्यावे लागले. या कायद्यामागे शेतकऱ्याच्या कळवळ्याइतकीच मँचेस्टरला स्वच्छ कापूस हवा ही गरज होती, आणि समितीवर व्यापाऱ्यांचं वजन होतं. तरीही १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशननं देशभरासाठी नियंत्रित बाजारांची शिफारस केली तेव्हा वऱ्हाडचा नमुना त्यांच्यासमोर होता. आजच्या बाजार समित्या याच वेलीवरच्या. महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा.

मग १९७२ मध्ये सरकारनं ठरवलं की मधला माणूसच नको. कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावर घालायचा, अडत्याचं काम संपलं. आबांची नोकरी त्यात गेली. दुष्काळाचंच साल होतं. ते वरवटला परत आले आणि मरेपर्यंत शेती केली. त्या योजनेबद्दल ते कधी कडू बोलले नाहीत, हे मला आता विशेष वाटतं. ते एवढंच म्हणायचे की अडत्या गेला अन् ग्रेडर आला. केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागायच्या, चुकारे हप्त्यानं मिळायचे, ते लांबायचे आणि ज्याला घाई तो रातोरात माल मध्यप्रदेशात न्यायचा. रांगेत गाडी पुढे सरकवून देणारे, चुकारा लवकर काढून देणारे लोक तयार झाले. त्यांना परवाना नव्हता, दरही ठरलेला नव्हता. या शतकाच्या सुरुवातीला ती मक्तेदारी संपली आणि खासगी व्यापारी परत आले. आबा तेव्हा थकले होते.

इंटरनेट आलं तेव्हाही हेच बोललं गेलं. आता कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कोणी उरणार नाही, दलालाचा धंदा बसणार. प्रत्यक्षात वेब वयात यायच्या आतच दलाल हजर होता. १९८९ मध्ये अमेरिकेत प्रॉडिजी नावाच्या नेटवर्कवर विल्यम टोबिन यांनी फुलं आणि भेटवस्तू विकताना विक्रीमागे टक्का देण्याची पद्धत सुरू केली. १९९४ मध्ये सीडीनाऊ या गाण्यांच्या सीडी विकणाऱ्या कंपनीनं इतर संकेतस्थळांना लिंकमागे कमिशन देऊ केलं. १९९६ च्या जुलैत अमेझॉननं असोशिएट्स कार्यक्रम आणला आणि मग हा धंदा जगभर झाला. आपल्याकडे अमेझॉन २०१३ मध्ये उतरली.

यात तांत्रिक गोम एकच आहे. गिऱ्हाईक कोणी आणलं हे ओळखायचं कसं? बाजारात गाडीबरोबर अडत्या उभा असतो, इथे कोण उभं राहणार? याचं उत्तर म्हणजे कुकी. नेटस्केपमधल्या लू मॉन्टुलीनं १९९४ मध्ये ती केली, मुळात ब्राउझरला थोडी आठवण असावी म्हणून. तुम्ही माझ्या लिंकवर टिचकी मारली की तुमच्या ब्राउझरमध्ये चिठ्ठी पडते, 'हा याचा माणूस'. अमेझॉनवर ही चिठ्ठी साधारण चोवीस तास चालते. त्या वेळात खरेदी झाली तर टक्का माझा. पण मधेच तुम्ही दुसऱ्या कोणाच्या लिंकवरून गेलात तर माझी चिठ्ठी पुसली जाते आणि त्याची लागते. बहुतेक ठिकाणी शेवटच्या टिचकीवाल्याला सगळं मिळतं. महिनाभर खपून तुम्ही कोणाला पंप समजावून सांगा, तो शेवटच्या क्षणी कुपन शोधायला दुसरीकडे गेला की टक्का त्या कुपनवाल्याचा.

आणि जिथे चिठ्ठी आहे तिथे खोटी चिठ्ठी येणारच. अमेरिकेत ई-बेच्या सगळ्यात मोठ्या अफिलिएटांपैकी दोघांनी लोकांच्या ब्राउझरमध्ये, लोकांनी लिंक दाबलेली नसताना, गुपचूप कुक्या टाकल्या. म्हणजे ई-बेवर आपसूक जाणारं गिऱ्हाईकही 'आम्हीच आणलं' असं दिसायचं. २००८ मध्ये ई-बेनं दावा लावला, पुढे फौजदारी खटला झाला आणि २०१४ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. आबांना हे सांगता आलं असतं तर ते हसले असते. मापात पाप करायला काटाच लागतो असं नाही.

आता माझं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मीही यात पडलो होतो. नोकरी नवी, पगार कापलेला, वेळ भरपूर. मी एक कोर्स घेतला, १४,९९९ रुपयांचा. पहिल्या चार व्हिडिओंत डोमेन कसं घ्यायचं, लिंक कशी करायची, हे कुठेही फुकट मिळेल ते. पाचव्या व्हिडिओत कळलं की नव्या माणसानं विकायला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे हाच कोर्स. एक खपवला की निम्म्याहून जास्त पैसे तुमचे. मी कॉलेजच्या एका मित्राला तो विकला. बाकीच्यांना विकायची लाज वाटली, हे खरं असलं तरी ती लाज पहिल्याच्या आधी वाटायला हवी होती. मित्रानं कधी काही म्हटलं नाही. पण तेव्हापासून मी कोणतीही लिंक पाठवली की तो फक्त अंगठा पाठवतो.

नंतर मी प्रामाणिकपणे एक संकेतस्थळ चालवलं, लॅपटॉपच्या परीक्षणांचं. अकरा महिन्यांत कमिशन मिळालं ४,३१२ रुपये. डोमेन आणि होस्टिंगला त्यातले ३,८०० गेले. कोर्सची फी यात धरलेली नाही, ती धरायची हिंमत अजून होत नाही.

तेव्हा भावाला सांगितलं ते असं. पैसा कुठून येतोय ते आधी बघ. कोणीतरी खरी वस्तू विकत घेतोय म्हणून येत असेल तर ती दलाली. नवा माणूस फी भरतोय म्हणून येत असेल तर ती साखळी, आणि तिच्यात तू शेवटून दुसरा असशील. साखळीसाठी आपल्याकडे १९७८ चा कायदा आहे, बक्षीस चिठ्ठ्या आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदीचा. २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनीही तेच मना केलंय. कोणताही मोठा अफिलिएट कार्यक्रम नाव नोंदवायला पैसे घेत नाही. बाजार समितीच्या परवान्याला तरी फी असते, इथे तीही नाही. मग १७,९९९ कशाचे?

दुसरं, हिशोब कागदावर कर. हजार रुपयांची वस्तू, चार टक्के कमिशन, म्हणजे चाळीस रुपये. माझ्या अनुभवात शंभर टिचक्यांमागे दोन-तीन लोक घ्यायचे. तर महिना दहा हजार मिळवायला रोज किती लोक तुझ्या लिंकवर यायला हवेत? त्यानं मोबाइलवर आकडेमोड केली, तीनशेच्या पुढे आकडा आला, आणि तो थोडा वेळ काही बोलला नाही. शिवाय विक्री झाली की लगेच पैसे येत नाहीत. परत करायची मुदत संपेपर्यंत ते अडकलेले असतात आणि माल परत गेला की कमिशनही जातं. जिनातला वांधाच हा. टक्काही त्यांच्या मर्जीचा. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेझॉननं अमेरिकेत अनेक वर्गांचे दर एका फटक्यात खाली आणले, ज्यांची घरं त्यावर चालत होती त्यांना कोणी विचारलं नाही. आपल्याच लिंकवरून आपणच खरेदी केली तर काही मिळत नाही, तो प्रयोगही करू नकोस, खातं बंद होईल. आणि वर्षाचा आकडा वाढला तर कमिशनवर कर कापला जातो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून तो २ टक्के आहे. तेव्हा पॅन, बँक, नोंद नीट ठेव. हे सगळं मी भराभर सांगितलं, कारण तो जांभया देत होता.

तिसऱ्या गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. लिंकमागे तुला पैसे मिळतात हे आधी सांगायचं, आणि मराठीत सांगायचं. हा नियमच आहे. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले, २०२३ च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक खात्यानं मार्गदर्शक सूचना काढल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण वरवटच्या माणसाला यातलं कोणी पकडायला येईल असं नाही. माझं म्हणणं वेगळं होतं. बाजारात शेतकऱ्याला माहीत असतं की हा अडत्या आहे, तो गादीवर बसलेला दिसतो, त्याची अडत पावतीवर लिहिलेली असते. अडत्याला शिव्या घालता येतात ते तो दिसतो म्हणून. मोबाइलवर आलेल्या लिंकमागचा दलाल दिसत नाही. समोरच्याला वाटतं की काकूच्या पोरानं काळजीनं पाठवलंय.

"अन् सांगितलं त कोणी दाबलंच नाई तर?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, मग नाही दाबणार.

काकू हे सगळं ऐकत होती. तिनं डबा उचलून आत नेला.

त्यानं कोर्स घेतला नाही. पण गप्पही बसला नाही. आमच्याकडे फवारणी हा रोजचा विषय. हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी. घरी बॅटरीवरचा फवारणी पंप होता, तोच घेऊन त्यानं शेतात उभं राहून व्हिडिओ केला, शुद्ध वऱ्हाडीत. एका चार्जिंगमध्ये किती टाक्या होतात, नोझल कुठे गळते, पट्टा खांद्याला कसा काचतो, सगळं. सुरुवातीलाच म्हणाला, "राजेहो, खालच्या लिंकवरून घेतला त मले थोडे पैसे भेटतात, नाई घेतला तरी चालते." आवाज वाऱ्यानं अर्धा उडालाय. मी त्याला माइक घे म्हणालो, तो म्हणाला पैसे आले की घेईन.

पहिल्या महिन्यात त्याच्या लिंकवरून तीन पंप गेले आणि एक, का कोण जाणे, लहान मुलाचा रेनकोट. एक पंप परत गेला. लिंकवाल्याला कोणी काय घेतलं त्याचं नाव कळत नाही, फक्त वस्तू दिसते. पण वरवटमध्ये ते लपून राहत नाही. दोन घरं सोडून राहणारे एक काका सकाळीच ओट्यावर येऊन सांगून गेले की बॅटरी निम्म्या वावरात बसली, तू त व्हिडिओत पुरं वावर म्हनला होता.

मला त्यानं फोन करून हे सांगितलं. मी विचारलं, मग? तर म्हणाला, त्यांचं वावर आपल्यापेक्षा मोठं आहे, हे मी बोललोच नव्हतो व्हिडिओत. आता टाकीचा हिशोब एकराप्रमाणे सांगून दुसरा करतो. आणि मागून काकूचा आवाज आला, आधी त्यांच्या घरी जाऊन ये, मग कर तुह्या व्हिडिओ.